ढगाचे बीज मोजणारे यंत्र

धाराशिव जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. इथे आभाळ भरून येते, पण बरसेलच याची खात्री नसते. अशा ढगांच्या पोटात काय घडते हे तपासायला पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ आणि २०१९ मध्ये जिल्ह्यातल्या तुळजापूरपासून सुमारे ४५ किलोमीटरवर, सोलापुरात तळ ठोकला. मोहिमेचे नाव 'कायपीक्स'. लक्ष जाते ते तिच्या विमानांकडे आणि रडारकडे. माझ्या लेखी तिचा खरा आधार सीसीएन काउंटर, म्हणजे ढगाचे बीज मोजणारे यंत्र आहे.

वाफेचा थेंब व्हायला मिठाचा, धुराचा किंवा गंधकाच्या संयुगाचा सूक्ष्म कण लागतो; तेच ढगाचे बीज. स्कॉटलंडच्या जॉन एटकिन यांनी १८८०च्या दशकात कणांवर थेंब वाढवूनच ते मोजले होते. आजच्या यंत्रात सुमारे अर्धा मीटर उंचीची उभी नळी असते. तिची आतली भिंत सतत ओली, आणि वरून खाली तापमान चढत जाते. भिंतीकडून वाफ आणि उष्णता दोन्ही मध्याकडे सरकतात, पण हवेत वाफ उष्णतेपेक्षा थोडी वेगाने पसरते. त्यामुळे मधल्या धारेत आर्द्रता शंभर टक्क्यांच्या किंचित वर जाते: कधी ०.१ टक्का, कधी १. खऱ्या ढगातही जास्तीची वाफ साधारण एवढीच असते. जे कण एवढ्यावर फुगून थेंब होतात, ते तळाशी लेसरच्या प्रकाशात मोजले जातात. निसर्गातल्या इतक्या बारीक फरकावर उभे राहिलेले हे यंत्र मला फार सुंदर वाटते.

मोजायचे कशासाठी? पंगत वाढली की वाढप्याचा हात आखडतो. ढगातही कण फार झाले की तेच पाणी अनेकांत वाटले जाते, थेंब बारीक राहतात आणि खाली पडत नाहीत. पावसाच्या एका थेंबात ढगातल्या जवळपास दहा लाख थेंबांचे पाणी असते. म्हणून ढगाच्या तळाशी कॅल्शियम क्लोराइडचे ओलावा शोषणारे मोठे कण सोडतात, म्हणजे त्यांवरचे थेंब लवकर मोठे होऊन बारीक थेंबांना सामावून घेतात. यालाच बीज पेरणे म्हणतात. मोहिमेत २७६ ढग निवडले गेले. कोणत्यात बीज पेरायचे आणि कोणते तसेच सोडायचे, हे यादृच्छिक पद्धतीने ठरले. २०२३ मध्ये निष्कर्ष छापून आले: बीज पेरलेल्या ठिकाणाच्या वाऱ्याखालच्या भागात सरासरी १८ टक्के जास्त पाऊस. पण मुळात योग्य ढगच नसेल तर पेरणीचा काही उपयोग नाही.

महाबळेश्वरला याच संस्थेची ढगांची प्रयोगशाळा २०१२ पासून आहे. ती घाटमाथ्यावरची. पर्जन्यछायेतल्या हवेतले कण वेगळे, वाराही ऋतूनुसार बदलणारा. दुष्काळात कृत्रिम पावसाची मागणी करणाऱ्या लोकप्रतिनिधींनी आधी धाराशिवच्या हवेची बारमाही मोजणी मागावी.