बेंजो गळ्यात किती वेळ? स्टँड लावा, मान वाचवा

गणपतीची मिरवणूक असो की लग्नाची वरात, बेंजोवाला तासन्‌तास उभाच. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्यानं तारा छेडायच्या. वाद्य सावरायला हातच उरत नाही. पट्ट्यानं गळ्यात अडकवलं की सगळा भार मानेवर. मग मान आखडते, खांदे भरून येतात.

उपाय सोपा आहे. कीबोर्डचा मजबूत स्टँड घ्या. बेंजो कोपराच्या उंचीवर येऊ द्या. खांदे सैल, मनगटं सरळ. खाली रबर टाकून वाद्य पट्ट्यानं बांधा. गाडीवर वाजवायचं असेल तर स्टँडही गाडीला घट्ट बांधा, नट तपासा. वायर ताणलेली नको.

तरीही बोटांना मुंग्या येत असतील तर दुखणं अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा. शेवटी पोट हातावरच आहे!