जनानखान्यातील नायक आणि बाणाईचा धनगर

यवतहून सकाळच्या गाडीने पुण्यास निघणाऱ्या तरुणांच्या हाती एके काळी वर्तमानपत्र असे. आता मोबाईल असतो, आणि त्याच्या पडद्यावर पुष्कळदा एखादी जपानी चित्रमालिका चाललेली असते. या मालिकांना ‘ॲनिमे’ म्हणतात, आणि त्या ज्या चित्रकथांवर बेतलेल्या असतात त्यांना ‘मांगा’. या अफाट साहित्याच्या एका शाखेस रसिकांनी ‘हॅरेम’, म्हणजे जनानखाना, असे नाव दिले आहे. नाव भडक आहे; आतला ऐवज बहुधा बेताचाच निघतो. एक सामान्य मुलगा, त्याच्याभोवती चारपाच रूपवती मुली, सगळ्यांचे मन त्याच्यावर जडलेले, आणि त्याची निवड मात्र शेवटच्या प्रकरणापर्यंत लांबलेली.

वडीलधाऱ्या मंडळींना हा निव्वळ चावटपणा वाटतो. तो त्यात नाही असे कोणी म्हणणार नाही. तथापि, तेवढ्यावर विषय मिटविणे म्हणजे रोग्याची नाडी न पाहताच त्याला घरी पाठविण्यासारखे होय. केन आकामात्सू यांची ‘लव्ह हिना’ ही मांगा १९९८ ते २००१ या काळात प्रसिद्ध झाली आणि या शाखेचा जणू नमुनाच ठरली. तिचा नायक केइतारो हा टोकियो विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत पुनःपुन्हा आपटणारा मुलगा. आजीच्या जुन्या खानावळवजा वास्तूचे मुलींचे वसतिगृह झालेले असते, आणि त्याची व्यवस्था या अपयशी नातवाकडे येते. पुण्याच्या पेठांतील अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेच्या तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नाची तयारी करीत बसलेल्या खेड्यातील मुलाला हा नायक परका का वाटावा? त्याला भुरळ पडते ती मुलींच्या संख्येची नव्हे. निकाल, पगार, जमीन यांपैकी काहीही न विचारता कोणीतरी आपल्याला पसंत केले आहे, ही त्या स्वप्नातली खरी मिठाई आहे. त्या वसतिगृहातील मुली नायकावर रागावतात, त्याला यथेच्छ बदडतातही; पण त्याला सोडून कायमची निघून जाणारी एकही नाही. कथेच्या घडणीतच नकाराची सोय ठेवलेली नाही.

हे स्वप्न येथे का रुजावे, याचे उत्तर जपानात शोधण्याचे कारण नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. त्या मुलग्यांतील पुष्कळजण आज महाविद्यालयांत आहेत. यवतवरून जाणारा महामार्ग ज्या सोलापुरास पोहोचतो, तेथे डिसेंबर २०२२ मध्ये लग्नाळू तरुणांनी नवरदेवाच्या वेषात, घोड्यांवर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला होता. पाहणारे हसले; मोर्चेकऱ्यांपैकी किती जणांना हसू येत होते, हे सांगणे कठीण. मुलगी शेतकऱ्याच्या घरी द्यायची नाही, असे मुलीचेच शेतकरी आईबाप म्हणू लागले आहेत. अशा तरुणाच्या पडद्यावर पाच जणी एकाच्या दारात भांडत उभ्या राहिल्या, तर भुकेल्याने पंगतीचे चित्र पाहावे तसे ते पाहिले जाणारच.

एक पुरुष आणि अनेक स्त्रिया ही कल्पना या मुलखाला मात्र मुळीच नवी नाही. यवतच्या पाठीशी भुलेश्वरचा डोंगर आहे, आणि त्याच्या पलीकडच्या पुरंदरच्या मुलखात जेजुरी. लोकपरंपरेत खंडोबाला पाच बायका सांगतात: वाण्याची म्हाळसा, धनगराची बाणाई, शिंप्याची रंभाई, माळ्याची फुलाई आणि तेल्याची चंदाई. प्रत्येक जमातीला देव आपला जावई हवा होता, असा त्याचा एक अर्थ लागतो. पण वाघ्या-मुरळींच्या गाण्यांत बाणाईची कथा रंगते ती निराळ्याच कारणाने. तिच्यासाठी देव म्हाताऱ्या धनगराचे सोंग घेतो आणि तिच्या बापाच्या घरी चाकरी करतो. मेंढरे राखतो, धुतो, बोलणी खातो. बाणाई त्याच्याकडे आपण होऊन चालत आलेली नाही. पुढे ती घरात आल्यावर म्हाळसा गप्प बसत नाही. कुळावरून, सोवळ्यावरून, खाण्यापिण्यावरून दोघी परस्परांचे वाभाडे काढतात, आणि मार्तंड म्हणविणारा देव मध्ये सापडून पुरता हैराण होतो. जपानी नायकाचा गोंधळ सुखाचा आहे. या देवाचा संसाराचा आहे. आपल्या मर्जीची किंमत मोजणारा पुरुष त्या गाण्यात दिसतो, एवढे तरी मान्य करावे लागेल.

अर्थात या गाण्याचा गौरव करताना ते गाणाऱ्या मुरळीकडे डोळेझाक करता येत नाही. तीही देवाचीच बायको मानली जाई. तिला विचारून मात्र कोणी तिला वाहिले नव्हते. मुलींना देवाला वाहणे मुंबई प्रांतात १९३४ च्या कायद्याने गुन्हा ठरले. हिंदू पुरुषाच्या दुसऱ्या विवाहास त्याच प्रांतात १९४६ साली बंदी आली. कथेतील जनानखाना आणि प्रत्यक्षातील जनानखाना यांत जे अंतर असते, ते नेहमी बाईच्याच आयुष्यातून मोजले जाते.

जपानी वाङ्मयाला हे ठाऊक नाही असेही नव्हे. अकराव्या शतकाच्या आरंभी मुरासाकी शिकिबू या स्त्रीने लिहिलेल्या ‘गेंजी मोनोगातारी’त राजपुत्र गेंजी आपल्या स्त्रियांसाठी चार ऋतूंच्या चार भागांचा प्रासाद उभारतो, त्याची सर्वांत लाडकी स्त्री त्यातून सुटून संन्यास घेऊ इच्छिते, आणि तो तिला सोडत नाही. तो नकार लेखिकेने पानांवर राहू दिला आहे. अलीकडच्या काही मांगांनीही निवडीची टाळाटाळ सोडली आहे. नेगी हारुबा यांच्या पाच जुळ्या बहिणींच्या कथेत (२०१७–२०२०) गरीब पण हुशार नायक त्यांची शिकवणी घेतो, आणि शेवटी एकीशी लग्न करतो. चौघींना दुःख होते, आणि कथा ते लपवीत नाही. गाडीतल्या तरुणाने ती पाहिली असेल, तर त्याच्याशी बोलायला शिक्षकाला यापेक्षा सोपी जागा सापडणार नाही.

जेजुरीचा गड चढताना निम्म्या वाटेवर बाणाईचे देऊळ लागते. म्हाळसा वर, देवाजवळ आहे. दोघींना एका गाभाऱ्यात नांदविणे देवालाही जमलेले नाही.