हायड्रोजनची चाहूल

मस्तगडसारख्या जालन्याच्या जुन्या वस्तीतील एखाद्या पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याने ‘हायड्रोजनचे प्रकाशीय संवेदक’ हा विषय संशोधनासाठी घेतला, तर घरची मंडळी प्रथम नोकरीचे विचारतील. त्यात गैर काही नाही. परंतु विषय वाटतो तितका परका नाही. जालन्याच्या पोलाद भट्ट्यांत भंगाराबरोबर स्पंज आयर्न वितळते, आणि ते कोळशाऐवजी हायड्रोजनने बनविण्याचे प्रयोग जगात चालू आहेत.

हायड्रोजनला रंग नाही, वास नाही. त्याची ज्योतही दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. हवेत त्याचे प्रमाण 4 टक्क्यांवर गेले की एक ठिणगी पुरते. ती गळती शोधणाऱ्या विजेच्या उपकरणातूनही उडू शकते! म्हणून काचतंतूच्या टोकावर पॅलॅडियमचा पातळ थर देतात. हा धातू हायड्रोजन मुबलक शोषतो, हे टॉमस ग्रॅहॅम यांनी 1866 मध्येच दाखविले होते. शोषताना तो फुगतो, परतणारा प्रकाश बदलतो. वीज दूरच्या खोलीत राहते. गळतीपाशी जातो तो केवळ प्रकाश. मात्र वारंवार फुगून-आकसून थराला तडे जातात. खरे संशोधन तेथे आहे.

जानेवारी 2023 मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेची तरतूद 19,744 कोटी रुपयांची. पैकी संशोधनाला 400 कोटी, म्हणजे शंभरातले दोन रुपये. त्यातले जिल्ह्याच्या गावापर्यंत झिरपणार किती? निर्वात पंप आणि वर्णपटमापक शिष्यवृत्तीत येत नाहीत. निदान विद्यापीठांनी आपली यंत्रे आठवड्यातून दोन दिवस बाहेरच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना खुली करावीत. त्याला नव्या तरतुदीची वाट पाहावी लागत नाही.