बोटांची अक्कल

जुलै १९२९मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने एक बक्षीस जाहीर केलं : एक लाख रुपये. सोनं तोळ्याला वीस रुपयांच्या आसपास होतं, तेव्हाचे लाख! बक्षीस होतं नव्या चरख्यासाठी, आणि अटी स्पष्ट होत्या. चरखा हलका हवा, झोपडीत हाताने किंवा पायाने चालणारा हवा. बाईमाणसाला तो फारसं न दमता आठ तास चालवता यायला हवा. तेवढ्या वेळात त्यातून १२ ते २० नंबरचं १६ हजार फूट सूत निघायला हवं. किंमत दीडशे रुपयांवर जाता कामा नये, आणि निगा राखली तर तो २० वर्षं टिकायला हवा.

वाचताना वाटतं, एखाद्या हुशार इंजिनिअरचं हे सहा महिन्यांचं काम. तेव्हाही पुष्कळांना तसंच वाटलं. देशभरातल्या कारागिरांनी डोकं लढवलं, आमच्या महाराष्ट्रात किर्लोस्करवाडीला खटपट झाली. बक्षीस मात्र कुणाच्याच पदरात पडलं नाही.

आगगाडी धावत होती, विमानं उडत होती, मँचेस्टरच्या गिरण्या जगाला कापड पुरवत होत्या. आणि घरात बसून सुबक सूत काढणारं स्वस्त यंत्र मात्र कुणाला जमेना. असं का व्हावं, हे कळायला थोडं सुताच्या आत शिरावं लागतं.

वर्धा जिल्हा कापसाचा. हिंगणघाटचा कापूस एके काळी लिव्हरपूलच्या बाजारात नावाने ओळखला जाई. त्या कापसाचा एक तंतू घ्या : लांबी जेमतेम इंचभर. अशा इंच-इंच तुकड्यांतून मैलभर सलग धागा करायचा, आणि मध्ये ना डिंक, ना गाठ. धरून ठेवतो तो फक्त पीळ. पीळ बसला की तंतू एकमेकांवर दाबले जातात, घासतात, आणि त्या घर्षणावर अख्खं धोतर उभं राहतं.

आता कातणारीचे हात पाहा. उजव्या हाताने चाक फिरतंय, चाती, म्हणजे पीळ देणारी सळई, गरगरतेय, डाव्या हाताच्या चिमटीत पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळी, आहे आणि तो हात मागे मागे जातोय. पेळू काही एकसारखा नसतो; कुठे जाड, कुठे विरळ. मग सूत एकसारखं कसं येतं? गंमत अशी की पीळ आधी बारीक जागा गाठतो, कारण बारीक जागा पिळायला सोपी. तिथले तंतू घट्ट आवळले जातात आणि ओढले तरी सरकत नाहीत. जाड जागी पीळ कमी पोचतो, तिथले तंतू मोकळे राहतात. हात मागे जाताना ओढ बसते तेव्हा हे मोकळे तंतूच सरकतात आणि जाड जागा बारीक होते. ती बारीक झाली की पीळ तिथेही येऊन बसतो. थोडक्यात, सूत ओढता ओढता स्वतःची चूक स्वतःच दुरुस्त करत असतं!

पण एका अटीवर. ओढ आणि पीळ यांचा मेळ क्षणाक्षणाला जुळला पाहिजे. हात जरा घाईने मागे गेला की धागा तुटतो, जरा रेंगाळला की पीळ पुढे धावतो आणि गाठोळी तशीच आवळून बसते. या दोहोंमधली जागा चिमटीला कळते, आणि तीही विचार करून नाही. कातणारी शेजारणीशी गप्पा मारत असते, पोराला दटावत असते आणि बोटं आपलं गणित करत असतात. तिला विचारलं, की बाई, नेमकी केव्हा ढील देतेस? तर ती हसेल. लाखाच्या बक्षिसाची गोची ती हीच होती. चाक, चाती, पट्टा सगळं कागदावर काढता येत होतं. चिमटी काढता येत नव्हती.

गिरणीने हा प्रश्न वेगळ्याच वाटेने सोडवला होता. चिमटीची नक्कल करण्याऐवजी तिने रुळांच्या जोड्या लावल्या. मागची जोडी सावकाश फिरते, पुढची झपाट्याने, आणि मधल्या मध्ये कापूस ताणला जातो. रुळांची ही युक्ती लुइस पॉल आणि जॉन वायट यांनी १७३८मध्येच मांडली होती, पण ती धंद्यात चालवून दाखवली रिचर्ड आर्कराइटने, १७६९मध्ये पेटंट घेऊन. हा आर्कराइट मूळचा न्हावी, टोपांचा व्यापार करणारा. त्याला यंत्र जुळवून द्यायला जॉन के नावाचा घड्याळजी होता. दातेरी चाकांची जाण घड्याळजीकडे, माणसं आणि पैसा जमवण्याची अक्कल न्हाव्याकडे. औद्योगिक क्रांतीच्या पाठ्यपुस्तकात आर्कराइटचं नाव ठळक छापतात, पण त्या दोघांपैकी एकाला वगळलं असतं तर गिरणी उभी राहिली नसती, असं मला वाटतं.

आपल्याकडे ही कोंडी फुटली ती १९४९च्या सुमारास. तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीकडच्या एकंबरनाथन नावाच्या शेतकऱ्याने गिरणीतल्या रुळांची कल्पना लाकडी घरगुती चरख्यात आणून बसवली. त्याच्याच नावावरून तो ‘अंबर चरखा’. इंजिनिअरांना वीस वर्षं न सुचलेलं एका शेतकऱ्याला सुचलं, एवढ्यावर टाळ्या वाजवून थांबू नये. त्याच्या मूळ नमुन्यात पुढे इतरांनी बरीच सुधारणा केली, हेही तितकंच खरं.

वर्ध्याकडे वळतो, कारण अशा वेगवेगळ्या घडणीच्या डोक्यांची इतकी दाटी एका छोट्या गावात क्वचितच झाली असेल.

जमनालाल बजाज कापसाचे व्यापारी. माणूस पारखण्यात त्यांचा हातखंडा. १९२१मध्ये त्यांच्या आग्रहावरून विनोबा वर्ध्याला आले, आणि पुढे गांधीही. विनोबांचं डोकं भाषांचं आणि गणिताचं. पण वर्ध्याजवळच्या नालवाडीला त्यांनी काय केलं? दिवसाचे आठ-आठ तास सूत कातलं आणि कातणाऱ्या बाईला जी मजुरी मिळते तेवढ्यातच आपलं भागतं का, हे पोटावर तपासून पाहिलं. मजुरी तुटपुंजी आहे हे हिशेबानेही कळलं असतं. ते अंगाने कळून घेणं ही निराळी गोष्ट.

१९३४च्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जमनालालजींनी दिलेल्या मगनवाडीत त्याचं ठाणं बसलं. त्याची सूत्रं जे. सी. कुमारप्पांकडे. हा लंडनला तयार झालेला हिशेबतपासनीस, पुढे कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला. बिहारच्या भूकंपनिधीचा हिशेब सांभाळताना त्यांनी खुद्द गांधींच्या मंडळींचा खर्च निधीतून द्यायला नकार दिला होता. असा काटेकोर माणूस तेली, कुंभार, कागदी यांच्यात येऊन बसला आणि घाणीला, चुलीला, गुळाच्या कढईला पै-पैचा हिशेब लागू झाला. झवेरभाई पटेलांनी घाणी सुधारली, धूर कमी करणारी मगन चूल निघाली, रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा मगन दीप निघाला. यातलं काहीही जगाला हादरवणारं नव्हतं. पण तेल्याचा हात आणि हिशेबनिसाची नजर एकाच ओसरीवर येणं, हे आपल्या समाजात नवलच होतं. आपल्याकडे हात आणि अक्षर यांच्यामध्ये जातीची भिंत होती. ज्याला लाकूड कळतं त्याला लिहिता येत नव्हतं, आणि ज्याला लिहिता येतं तो रंध्याला हात लावत नव्हता. शेकडो वर्षं घाणी तशीच राहिली, त्याचं एक मोठं कारण मला हेच दिसतं.

ही भिंत शाळेतच पाडावी, असा घाट वर्ध्यातच घातला गेला. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी इथे शिक्षण परिषद भरली. गांधींनी मांडलं, की मुलाला सात वर्षं मातृभाषेतून आणि एखाद्या हस्तोद्योगाच्या मार्फत शिकवावं. अभ्यासक्रम ठरवायला डॉ. झाकीर हुसेन यांची समिती नेमली गेली. हीच ‘नई तालीम’. श्रीलंकेतून आलेले आर्यनायकम् आणि त्यांच्या बंगाली पत्नी आशादेवी यांनी वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला ती चालवून दाखवली.

टकळीतून, म्हणजे हाताने फिरवायच्या छोट्या चातीतून, कसलं शिक्षण, असं तेव्हा लोकांनी विचारलं. उत्तर फाळक्यावर सापडतं. मुलाने कातलेलं सूत चार फूट घेराच्या फाळक्यावर गुंडाळायचं. एक फेरा म्हणजे एक तार. १६० तारांची लटी, चार लटींची गुंडी. म्हणजे ६४० तार, २५६० फूट. आता सुताचा नंबर काढा. ८४० यार्डांची एक लड धरायची आणि अशा किती लडी एका पौंडात बसतात ते पाहायचं. जितक्या लडी, तितका नंबर. म्हणजे २० नंबरचं सूत पौंडभर घेतलं तर १६,८०० यार्ड, पंधरा किलोमीटरांहून जास्त! पौंडभर कापूस वर्ध्याहून सेवाग्रामला जाऊन जवळजवळ परत येतो. गुणाकार, भागाकार, त्रैराशिक सगळं यात आलं. लिव्हरपूलचं नाव आलं की भूगोल, आणि ढाक्याच्या मलमलीचं नाव आलं की इतिहासही आला.

कल्पनेला विरोध झाला, आणि तो सगळाच चुकीचा नव्हता. शाळेचा खर्च मुलांच्या श्रमातून निघावा, हा गांधींचा आग्रह अनेकांना खटकला. परिषदेत प्रा. के. टी. शहा यांनी हरकत घेतली. खुद्द झाकीर हुसेन समितीच्या अहवालातही इशारा होता, की शिक्षक उत्पन्नाच्या मागे लागले तर शिक्षण बाजूला राहील. पुढे देशभर बऱ्याच ठिकाणी नेमकं तेच झालं. टकळी फिरत राहिली आणि प्रश्न विचारायचे राहून गेले. शिवाय शहरातल्या मंडळींनी नई तालीमचं कौतुक केलं ते दुसऱ्यांच्या मुलांसाठी. आपली मुलं त्यांनी इंग्रजी शाळेतच घातली. सेवाग्रामची मूळ शाळाही काही दशकांनी बंद पडली. २००५पासून तिथे ‘आनंद निकेतन’ ही शाळा त्याच वाटेने चालते आहे.

हाताची हुशारी ही बुद्धी म्हणायची का, हा वाद मानसशास्त्रातही आहे. १९०४मध्ये इंग्लंडचा मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पिअरमन याने सांगितलं होतं, की सगळ्या हुशारीच्या मुळाशी एकच सर्वसाधारण बुद्धी असते. १९८३मध्ये अमेरिकेच्या हॉवर्ड गार्डनर यांनी ‘फ्रेम्स ऑफ माइंड’ या पुस्तकात उलट मांडणी केली : बुद्धी एक नसून सात. भाषेची, तर्कगणिताची, सुरांची, आकार-अवकाशाची, शरीराची, दुसऱ्याचं मन ओळखण्याची आणि स्वतःचं मन ओळखण्याची. नंतर निसर्ग ओळखणारी आठवी बुद्धी त्यांनी त्यात घातली. शिक्षकांनी हे डोक्यावर घेतलं, मानसशास्त्रज्ञांनी मात्र नाकं मुरडली. त्यांचा आक्षेप वजनदार आहे : एका चाचणीत पुढे असलेला माणूस बहुधा इतरांतही पुढे असतो, तेव्हा या आठ बुद्धी खरोखर स्वतंत्र आहेत याला पुरावा तोकडा. वाद मिटलेला नाही. पण बुद्धी एक असो की आठ, एकाच माणसाजवळ सगळी जाण नसते, याला कुणाचीच हरकत नसावी.

याचा सुंदर दाखला सेवाग्रामच्या त्या शाळेतच शिकलेल्या एका मुलाने पुढे दिला; तो म्हणजे डॉ. अभय बंग. त्यांनी आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. खेड्यात तान्ही मुलं न्युमोनियाने दगावत. रोग ओळखायची साधी खूण म्हणजे श्वासाचा वेग. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त झाले, की धोका. त्याहून मोठ्या तान्ह्या बाळाला मर्यादा पन्नासची. पण बाळाजवळ असायची गावची दाई, आणि तिला साठपर्यंत मोजता येत नसे. डॉक्टरच्या लेखी इथे विषय संपला असता.

इथे तो सुरू झाला. दाईला दहापर्यंत मोजता येत होतं आणि बाळाचं पोट कसं हलतंय हे तिच्याइतकं कुणालाच दिसत नव्हतं. मग मण्यांची एक पाटी तयार झाली. सोबत एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. लहान बाळाच्या ओळीत सहावा मणी लाल, मोठ्याच्या ओळीत पाचवा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्युमोनिया. आकडा सांगायची गरजच उरली नाही. अक्षरशत्रू म्हणून जिला बाजूला ठेवलं असतं, ती दाई निदान करू लागली.

दायांच्या आणि गावातल्या आरोग्यदूत बायांच्या हाती घरच्या घरी नवजात बाळांची काळजी देण्याचा जो प्रयोग ‘सर्च’ने केला, त्याचा अहवाल १९९९मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. प्रयोगाच्या ३९ गावांत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. आज देशभर आशा कार्यकर्त्या घरोघरी जाऊन नवजात बाळं तपासतात, त्या योजनेचं मूळ इथे आहे.

वर्ध्याला येणारे लोक सेवाग्रामची बापूकुटी पाहतात, गोरस भांडारातून गोरसपाक घेतात आणि गाडी पकडतात. गोरसपाक घ्याच, त्यात वाद नाही. पण तासभर काढून वर्धा शहरातल्या मगनवाडीतही जा. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधींच्या हस्ते उघडलेलं मगन संग्रहालय तिथे आहे, आणि ग्रामीण औद्योगिकीकरणाची राष्ट्रीय संस्थाही त्याच आवारात आहे. तिथे सौर चरख्यावर काम झालं आहे. सोबत मुलं असतील तर कुणाकडून तरी टकळी मागून त्यांच्या हातात द्या आणि वीतभर सूत काढायला सांगा. आधी स्वतः काढून पाहा.