स्मूदनिंग की नैसर्गिक केस?
लग्नसराई आली की जळगाव-धुळ्यातल्या पार्लरबाहेर स्मूदनिंगच्या ऑफर झळकतात. करण्याआधी एवढं वाचा. स्मूदनिंगचं क्रीम केसातले गंधकाचे बंध तोडतं, मग इस्त्री फिरवून ते सरळ आकारात पुन्हा जोडतात. सगळेच बंध जुळत नाहीत, म्हणून केस कमजोर होतो. शिवाय महिन्याला साधारण 1 सेंटीमीटर नवा केस मूळच्याच वळणाचा येतो, म्हणजे टच-अप आलंच!

स्मूदनिंगऐवजी केराटिन ट्रीटमेंट करणार असाल, तर तिच्या बाटलीवर ‘ग्लायऑक्सिलिक अ‍ॅसिड’ आहे का, तेही बघा. त्यामुळे मूत्रपिंडाला इजा झाल्याची नोंद 2024 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आली.

आपलं ऊन नि बोअरचं क्षाराचं पाणी केस आधीच कोरडे करतात. माझं मत नैसर्गिकलाच. हौस असेलच, तर ब्लीच केलेल्या केसांवर मात्र मुळीच नको.