तळणाचं तेल, छोटा पंप आणि बायोडिझेल

मैत्रिणींनो, दिवाळीच्या फराळाची ऑर्डर पोचली, हिशोब झाला, की कढईत उरतं ते काळपट तेल. मोरीत ओतलं तर गटार तुंबतं. पुन्हा पुन्हा तळणाला वापरलं तर आपल्याच पोरांच्या पोटात जातं. तेल वारंवार तापलं की त्यात खराब घटक वाढत जातात. त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल खाण्यासाठी वापरायचं नाही, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 'रुको' योजना आणली. वापरलेलं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करायचं, हा तिचा हेतू.

तेलावर इंजिन चालतं ही गोष्ट जुनीच आहे. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. पण म्हणून कढईतलं तेल सरळ इंजिनात ओतू नका. ते डिझेलपेक्षा कितीतरी घट्ट असतं, त्यामुळे नोझल चोंदतो. तेल पातळ करण्यासाठी त्यात मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा मिसळतात. मग खाली ग्लिसरीन बसतं, वर बायोडिझेल राहतं. हे काम घरी करावं का, ते शेवटी बघू. आधी पंपाचं बघू, कारण तेल गाळायचं, भरायचं, हलवायचं तर पंप हवाच.

पंप कोणता?
विहिरीवरचा पाण्याचा पंप इथे चालत नाही. घट्ट तेल तो नीट ओढत नाही. तेलासाठी गिअर पंप घ्या. त्यात दोन दातेरी चाकं एकमेकांत फिरतात आणि तेल पुढे ढकलतात. पंप लोखंडाचा किंवा स्टेनलेस स्टीलचा असावा. तांबं-पितळेमुळे बायोडिझेल लवकर खराब होतं. साधं रबर बायोडिझेलमध्ये फुगतं आणि मऊ पडतं, म्हणून सील आणि नळ्या घेताना दुकानदाराला 'बायोडिझेलला चालणारं द्या' असं स्पष्ट सांगा.

चालवण्याआधी
१. तेल दोन-तीन दिवस हलवू नका. गाळ खाली बसू द्या.
२. वरचं तेल कापडातून गाळा. पंपाच्या ओढणाऱ्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी हवीच. भज्याचा एक कण दात्यांत अडकला तरी पंप घासतो.
३. नळीचं तोंड तळापासून चार बोटं वर ठेवा.
४. थोडं तेल छोट्या कढईत तापवून बघा. चरचर आवाज आला तर त्यात पाणी आहे. पाणी राहिलं तर पुढे बायोडिझेलऐवजी साबण होतो.
५. पौष-माघाच्या थंडीत पामतेल थिजतं. थिजलेलं तेल पंपाने ओढायला गेलं की मोटर गरम होते. आधी पिंप उन्हात ठेवा किंवा गरम पाण्याच्या पातेल्यात डबा ठेवून तेल कोमट करा.
६. पंपात थोडं तेल ओतून मगच बटण दाबा. कोरडा पंप फिरला की दाते झिजतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, पंप चालू असताना पुढची चावी बंद करू नका. पाण्याचा पंप थोडा वेळ ते सोसतो, गिअर पंप सोसत नाही. तेलाला जागा मिळाली नाही की दाब वाढत जातो आणि नळी फुटते किंवा मोटर जळते. म्हणून बायपास व्हॉल्व्ह असलेलाच पंप घ्या.

काम झाल्यावर
थोडं स्वच्छ तेल पंपातून फिरवा, जाळी काढून धुवा, पुसून कोरडी करा. पंप पाण्याने धुवायचा नाही, आत गंज चढतो. दर महिन्याला तीन गोष्टी बघा : शाफ्टपाशी तेल ठिबकतं का, नळीचे क्लॅम्प सैल झालेत का, आणि अर्थिंगची वायर जागेवर आहे का. तेलाने माखलेल्या चिंध्यांचा ढीग करून ठेवू नका. असा ढीग आतून तापून आपोआप पेटू शकतो.

बिघाड झाला तर
पंप फिरतो पण तेल येत नाही : जाळी चोंदली का, ओढणाऱ्या नळीत कुठून हवा शिरते का, पंप उलटा फिरतो का, हे क्रमाने बघा. पंपावर बाणाची खूण असते. उलटा फिरत असेल तर वायरमनकडून जोडणी बदलून घ्या.
मोटर नुसतीच गुणगुणते : लगेच बंद करा. लाईट कमी दाबाची आहे, किंवा तेल थिजलंय.
खडखड आवाज येतो : आत कण अडकला आहे किंवा दाते झिजलेत. चालवत राहू नका.

आता मिथेनॉलचं
इथे मात्र स्पष्ट बोलायला हवं. मिथेनॉल दारूसारखं दिसतं, पण विष आहे. थोडंसं पोटात गेलं तरी डोळे जातात, माणूस मरतो. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, त्या दारूत मिथेनॉल होतं. त्याची वाफसुद्धा घातक असते. ते चटकन पेट घेतं आणि त्याची ज्योत दिवसा उजेडात नीट दिसतही नाही. चूल, गॅस, मोटरच्या बटणाची ठिणगी, काहीही पुरेसं आहे. ते विकत घ्यायला आणि साठवायला परवाना लागतो. खाली बसलेल्या ग्लिसरीनमध्येही मिथेनॉल उरतं, म्हणून त्याचा हाताचा साबण करू नका.

म्हणून आपलं सांगणं असं आहे. तेल गोळा करणं, गाळणं, पंपाने पिंपात भरणं हे काम गटाने खुशाल करावं. पुढे ते तेल अधिकृत संकलकाला द्यावं, भाव आधी लिहून घ्यावा. बायोडिझेल स्वतः करायची इच्छा असेल तर घराच्या पडवीत नाही, तर जाणकाराच्या देखरेखीखाली, वेगळ्या जागेत आणि परवाने घेऊन. ते विकायचं असेल तर आयएस १५६०७ या मानकात बसावं लागतं. शेजारी अवसरी खुर्दला सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय आणि तंत्रनिकेतन आहे. ग्रामसंघाने पत्र देऊन तिथे विचारायला काय हरकत आहे?

पुढच्या बैठकीत एक वही घाला. कोणत्या घरातून किती लिटर तेल आलं, पंप कधी धुतला, जाळी कधी बदलली, सगळं तारखेनिशी लिहा. पंपाची चावी कोणाकडे असेल, हेही त्याच दिवशी ठरवा. सगळ्यांचा पंप म्हणून कोणाचीच जबाबदारी नाही, असं झालं की पहिला पावसाळा संपेपर्यंत तो गंजून बसतो.