मालमोटारीच्या इंजिनाचें तेल घरच्या घरीं बदलण्याची रीत

निरवांगी व आसपासच्या गांवांत ऊंस हें मुख्य पीक असल्यामुळें गळिताच्या हंगामांत वाहनावर सर्व भिस्त असते. बैलास वेळेवर वैरण-पाणी मिळालें नाहीं तर तो हंबरून सांगतो. यंत्र मात्र मुकें असतें. तें बंद पडतें तेव्हांच मालकास कळतें, आणि तो दिवस बहुधा ऐन तोडीचा असतो. तोडलेला ऊंस फडांत पडून राहिला कीं त्याचें वजन घटतें आणि साखरेचा उताराही उतरतो. ही हानि टाळण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे इंजिनाचें तेल वेळेवर बदलणें. तें घरीं कसें बदलावें, हें येथें सांगण्याचा आमचा विचार आहे.

आपल्या भागास यंत्र अपरिचित नाहीं. ज्यांनीं शेजारीं वालचंदनगर वसविलें, त्या शेठ वालचंद हिराचंद यांनींच १९४४ सालीं मुंबईस प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही मोटारींची कंपनी स्थापिली. पुण्याजवळ खडकी येथें १९४६ सालीं किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना निघाला. ज्यांच्या वाडवडिलांनीं विहिरीवरच्या इंजिनांत तेल ओतलें, त्यांस मालमोटारीचें तेल बदलणें अवघड वाटूं नये. तत्त्व एकच आहे.

तेलाचें कार्य

तेल केवळ वंगण नव्हे. तें धातूवर धातू घासूं देत नाहीं. पिस्टनाची व बेअरिंगची उष्णता वाहून नेतें. काजळी व कीट आपल्या पोटांत घेतें. दट्ट्याच्या कड्यांभोवतीं सांधा बुजवितें. आणि आंतील भागांस गंज चढूं देत नाहीं. हीं कामें करतां करतां तेलांतील औषधी द्रव्यें खर्ची पडतात व काजळी वाढत जाते. डीझेल इंजिनाचें तेल नवें भरल्यावर थोडक्याच वेळांत काळें होतें. तेव्हां केवळ काळ्या रंगावरून तेल वाईट झालें असें समजूं नये, मुदत पाहावी.

मुदत कशी मोजावी

प्रत्येक वाहनाबरोबर कंपनीचें पुस्तक मिळतें. त्यांत दिलेली मुदत प्रमाण मानावी. अनेक ट्रॅक्टरांस ती २५० तासांची असते. मालमोटारींस किलोमीटरांत दिलेली असते. परंतु येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. कारखान्याच्या आवारांत गाडी रांगेत उभी असतां इंजिन चालू ठेवलें, तर किलोमीटर वाढत नाहींत, तेल मात्र झिजत राहतें. फडांतील धुरळा, जड ओझें व थांबत थांबत चालणें यांनींही मुदत घटते. पुस्तकांत कठीण कामासाठीं वेगळी मुदत दिलेली असल्यास ऊंस-वाहतुकीस तीच लावावी. गाडी थोडी चालली तरी पुस्तकांतील महिन्यांची मर्यादा ओलांडूं नये. गळीत सुरू होण्यापूर्वीं एकदां तेल बदलून घेणें सर्वांत उत्तम.

तेलाची निवड

डब्यावर १५डब्ल्यू-४० असे अंक असतात. पहिला अंक थंडींत तेल किती सहज वाहतें हें दाखवितो. दुसरा इंजिन तापल्यावर तें किती दाट राहतें हें दाखवितो. यांशिवाय सीआय-४, सीके-४ अशी प्रतीची खूण असते. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांस भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले. ज्या गाड्यांच्या धुराड्यांत काजळी अडविणारी गाळणी असते, त्यांस कमी राखेचेंच तेल लागतें. दुसरें घातल्यास ती महागडी गाळणी तुंबते. गाडी हमीच्या मुदतींत असेल तर हें काम कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेंतच करवावें. तेल अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावें, बुचाचें सील पाहावें व पावती जपावी. रिकामा डबा फोडूनच टाकावा. नाहींतर त्यांत भेसळीचें तेल भरून तो पुन्हां बाजारांत येण्याचा संभव असतो.

कृति

१. गाडी सपाट जागीं उभी करून इंजिन दहा मिनिटें चालवावें. कोमट तेल पातळ होऊन गाळासह बाहेर येतें. फार तापलेल्या तेलानें हात पोळतो.

२. इंजिन बंद करून किल्ली स्वतःच्या खिशांत ठेवावी. हातब्रेक ओढून चाकांच्या पुढें-मागें लांकडी ठोकळे द्यावेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणीही, कोणत्याही कारणानें शिरूं नये. केबिन पुढें कलती करावयाची असल्यास तिचा अडसर पुरता बसल्याशिवाय तिच्याखालीं डोकें घालूं नये.

३. तेल ओतण्याचें वरचें झांकण सैल करावें. चेंबरखालीं मोठें भांडें ठेवावें. मोठ्या इंजिनांत पंधरा-वीस लिटर तेल मावूं शकतें, तेव्हां एका घमेल्यानें भागत नाहीं. योग्य मापाच्या पान्यानें खालचें बूच सोडवावें व शेवटचे आटे हातानें, बाजूस राहून काढावेत.

४. तेल थेंबावर येईपर्यंत निथळूं द्यावें. तोंवर तें नीट पाहावें. धातूची चकाकी दिसल्यास बेअरिंग झिजत आहे. दुधासारखा रंग असल्यास आंत पाणी शिरत आहे. डीझेलचा वास येऊन तेल पातळ लागल्यास डीझेल आंत गळत आहे. यांपैकीं कांहीं आढळल्यास नवें तेल ओतून गाडी कामास लावूं नये. जाणत्या मिस्त्रीस दाखवावी.

५. बूच पुसून नवा वायसर घालून बसवावें. बेताबाहेर जोर लावल्यास आटे जातात.

६. जुना फिल्टर काढतांना त्याचें रबरी कडें इंजिनास चिकटून राहिलें नाहीं ना, हें पाहावें. त्यावर दुसरें कडें बसल्यास सर्व तेल दाबानें बाहेर पडतें. नव्या कड्यास स्वच्छ तेल चोळावें, फिल्टर हातानें टेकवावा व मग त्यावर लिहिल्याइतकाच फिरवावा.

७. पुस्तकांतील मापापेक्षां एखादा लिटर कमी तेल ओतून थोडा वेळ थांबावें आणि मापाची काडी पाहावी. दोन खुणांच्या मध्यें पातळी असावी. अधिक तेल म्हणजे अधिक सुरक्षितता, ही समजूत चुकीची आहे. फिरता दांडा जादा तेल घुसळून फेंस करतो व वंगण तुटतें.

८. इंजिन सुरू करून मंद ठेवावें; पाय दाबूं नये. थोड्याच सेकंदांत तेलाच्या दाबाचा दिवा विझला पाहिजे. न विझल्यास तात्काळ बंद करावें. टर्बो असलेल्या इंजिनास ही दक्षता विशेष हवी. मग बंद करून दहा मिनिटांनीं काडी पुन्हां पाहावी, उणें तेल पुरें करावें व बूच आणि फिल्टर यांभोवतीं गळती तपासावी.

जुन्या तेलाची व्यवस्था

हा भाग आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जुनें तेल बांधावर ओतणें, चारींत सोडणें किंवा तणावर शिंपडणें हें आपल्याच विहिरींत विष घालण्यासारखें आहे. त्यांत झिजलेल्या धातूंचे कण व जळक्या तेलाचीं घातक द्रव्यें असतात. तीं जमिनींतून पाण्यांत उतरतात. निरा डाव्या कालव्याचें पाणी आपल्यापुढें दुसऱ्याच्या शेतांतही जातें. असें तेल वारंवार अंगास लागल्यास त्वचेस अपाय होतो. म्हणून हातमोजे घालावेत, नंतर साबणानें हात धुवावेत. जनावरांच्या जखमेस तें कदापि लावूं नये.

घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत वापरलेल्या तेलाचा समावेश आहे. तें पाणी किंवा डीझेल न मिसळतां, घट्ट झांकणाच्या डब्यांत, मुलांच्या हाताबाहेर साठवावें आणि मान्यताप्राप्त संकलकाकडे जाईल अशा कार्यशाळेस द्यावें. गांवांतील चार-पांच वाहनमालकांनीं मिळून एक पिंप ठेवल्यास तें नेणें सोयीचें पडतें.

नोंदवही

सातबाऱ्यावर पिकाची नोंद नसली तर पीक घेतल्याचें सांगूनही उपयोग होत नाहीं. यंत्राचेंही तसेंच आहे. एका वहींत तारीख, किलोमीटर, तास, तेलाची प्रत, परिमाण, फिल्टर व शेरा असे रकाने आंखावेत. दोन बदलांमध्यें वरून किती तेल घालावें लागलें तेंही लिहावें. हा आंकडा वाढूं लागला म्हणजे इंजिन तेल खात आहे किंवा कोठें तरी गळत आहे, हें बिघाड वाढण्यापूर्वीं समजतें. गाडी विकतांनाही अशी वही दाखवितां येते.

घरीं तेल बदलल्यानें मजुरी वाचते ती थोडीच. खरा लाभ हा कीं, सांगितलेलें तेल सांगितल्या मापानें पडल्याची खात्री मालकास असते, आणि त्या निमित्तानें वर्षांतून दोन-तीन वेळां तरी त्याची दृष्टि गाडीच्या खालच्या बाजूस जाते. ढिला बोल्ट, चिरलेली नळी किंवा ओला सांधा अशाच वेळीं सांपडतो, आणि अर्ध्या तासाच्या कामानें हंगामांतील चार दिवसांचा खोळंबा टळतो.